हिरावाडीतला फ्लॅट विकून पाथर्डी फाट्याला जायचं का?

ताई, तुमचा मेसेज नीट वाचला. नाशिकमधला, पंचवटीजवळच्या हिरावाडीतला २००४ साली मिस्टरांच्या नावावर ६ लाखांना घेतलेला टूबीएचके ४५ लाखांना विकायचा, पाथर्डी फाट्याला ८२ लाखांचा बांधकाम चालू असलेला थ्रीबीएचके बुक करायचा, ४० लाख लोन, वीस वर्षं. मिस्टर ४६ वर्षांचे, अंबडला कंपनीत, तुम्ही पंचवटीत शाळेत, दोघांचे मिळून हातात १ लाख ५ हजार. आणि बिल्डरचा माणूस म्हणतो सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आत घ्या, नंतर भाव हाताला लागणार नाही.

माझं मत आधीच सांगतो, आत्ता विकू नका आणि बुकही करू नका.

पहिलं म्हणजे ८२ हा आकडाच खरा नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख १० हजार, वर स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन मिळून पाचेक लाख धरा, मग दलाली, फर्निचर, ग्रिल, पडदे… लोन ४० नाही, ५० च्या आसपास जाणार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ४३ हजार ४०० होतो, पण वीस वर्षांनी मिस्टर ६६ चे असतील, तेव्हा पगार कुठनं येणार? साठीच्या आत फेडायचं म्हटलं तर चौदा वर्षं, हप्ता ५१ हजार. अर्धा पगार गेला की हो! त्यात मुलगी नववीत, पुढे क्लासेस आणि कॉलेज. आणि जुना फ्लॅट विकून नव्याचा ताबा मिळेपर्यंत राहणार कुठं, तर भाड्याने, म्हणजे तो खर्च अजून वेगळा.

आता शहर बदलतंय म्हणता ते खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. पाथर्डी फाट्याकडे रस्ते मोठे, पार्किंग, लिफ्ट, मिस्टरांना कंपनी दहा-पंधरा मिनिटांवर. पण तुमची शाळा पंचवटीत आहे ना? मग द्वारका चौकातलं ट्रॅफिक घरातनं गेलं कुठं, मिस्टरांच्या वाटचं तुमच्या वाट्याला आलं एवढंच. सासूबाई आत्ता चालत कपालेश्वराला जाऊन भाजी घेऊन येतात, तिकडे त्यांना रिक्षा लागेल किंवा कुणाला तरी गाडी काढावी लागेल, आणि हा खर्च कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो.

आणि घोषणांवर पैसे लावू नका. नाशिकच्या मेट्रो निओला (टायरवर धावणारी छोटी मेट्रो) २०२१ च्या बजेटमध्ये २,०९२ कोटी जाहीर झाले, तेव्हाही लोकांनी रूटच्या कडेचे फ्लॅट बघायला सुरुवात केलेली, धावतीये का ती? नाशिक-पुणे रेल्वेचंही तेच, मार्ग कुठून न्यायचा याचाच घोळ. समृद्धी महामार्ग मात्र झाला, जून २०२५ ला शेवटचा इगतपुरीपासूनचा टप्पा सुरू झाला, मुंबई जवळ आली, पण तुमच्या घरातलं कुणी रोज मुंबईला जातं का? जी सोय होणार म्हणतात तिचा भाव बिल्डरने आजच लावलेला असतो, झाली तर तुम्ही पैसे देऊन बसलेले आणि नाही झाली तरी देऊन बसलेलेच.

टॅक्सचं विचारलंत. विकलं तर नफ्यावर इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) न घेता १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशन घेऊन २० टक्के, फ्लॅट जुलै २०२४ च्या आधीचा असल्याने दोन्हीतलं कमी ते धरता येतं, तुमच्या केसमध्ये दोन्हीकडून पाचेक लाखच येतात. नवीन घरात नफा गुंतवला तर हा टॅक्स वाचतो, तयार घर दोन वर्षांत घ्यायचं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. बिल्डर रखडला तर तुमची सवलत वादात. अजून एक, एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का वाचतो म्हणून फक्त तुमच्या नावावर घ्यायचं कुणीतरी सुचवलंय, तर ते नको. विकणारे मिस्टर आणि घेणाऱ्या फक्त तुम्ही, यावर इन्कम टॅक्सवाले हरकत घेऊ शकतात, ८२ हजार वाचवायला पाच लाखांचं भांडण कशाला.

मग करायचं काय? तुम्हीच लिहिलंय की तिकडे तसाच फ्लॅट १८ हजार भाड्याने मिळतो आणि तुमचा ११ हजाराला जाईल. म्हणजे महिन्याला ७ हजार पदरचे, वर्षाला ८४ हजार. अकरा महिन्यांचं रजिस्टर अॅग्रीमेंट करून राहून बघा. उन्हाळ्यात टँकर लागतो का, पावसात फाट्यावर काय होतं, शाळेतनं घरी यायला तुम्हाला किती वाजतात, सगळं कळेल, जुनं घरही हातात राहील. सिंहस्थाच्या गर्दीतही घर भाडेकरूकडेच राहू द्या, जास्त पैशाच्या मोहाने रोखीत यात्रेकरूंना देऊ नका.

तयार, कम्प्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेला फ्लॅट (त्यावर जीएसटी नाही) आणि लोन ३० लाखांच्या आत बसत असेल तर मी वेगळं सांगेन. पूररेषेचा नकाशा मात्र तेव्हाही बघा. गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की आपण सगळे फोटो काढायला जातो, पण वालदेवी नदीकडे कुणाचं लक्ष नसतं.

बुकिंगचे २ लाख अजून दिले नसतील तर थांबा. दिले असतील तर पावती आणि महारेरा नंबर (प्रोजेक्टचा सरकारी नोंदणी नंबर) पाठवा, रजिस्टर अॅग्रीमेंटशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. आणि हिरावाडीच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का ते सेक्रेटरींना विचारा, बिल्डिंग बावीस वर्षांची आहे, रिडेव्हलपमेंटचं बोलणं तिथनंच सुरू होतं.