बारा वर्षांनी उगवलेलं क्रेडिट कार्ड

प्रश्न : 2011 ला पुण्यात नोकरीला असताना कंपनीच्या गेटवर एक मुलगा टेबल टाकून बसायचा, त्याच्याकडनं क्रेडिट कार्ड घेतलं होतं. 2013 ला नोकरी गेली, बावीस हजाराच्या आसपास थकलं, मी सांगलीला परत आलो, नंबर बदलला आणि खरं सांगायचं तर विसरूनच गेलो. आता 2025 मध्ये अचानक फोन, "सर तुमचे 1 लाख 48 हजार बाकी आहेत, आज 5 हजार टोकन भरा म्हणजे केस होल्डवर ठेवतो, नाहीतर वॉरंट निघेल". व्हॉट्सअॅपवर वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस पण आलीय. परवा तर माझ्या मेहुण्याला फोन केला, घरात तमाशा झाला. बायको म्हणते पाच हजार भरून टाका आणि विषय संपवा. भरू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नका भरू. निदान आज तरी नका, आणि फोनवर तर अजिबात नका.

वहिनींना सांगा की पाच हजारात विषय संपत नाही, तिथूनच सुरू होतो. मी स्वतः बँकेत वसुलीच्या टेबलाला काही वर्षं काढलीयत म्हणून सांगतो, टोकन मागतात ते पैशासाठी कमी आणि तुमच्या तोंडून "हो, हे कर्ज माझंच" वदवून घ्यायला जास्त. एकदा दिलंत की माणूस देतो हे कळतं, मग पुढच्या आठवड्यात दुसरा आवाज, दुसरी रक्कम.

आता कायदा. 1963 चा मुदतीचा कायदा आहे, अशा कर्जासाठी कोर्टात जायला साधारण 3 वर्षं मिळतात. त्या 3 वर्षांच्या आत तुम्ही थोडे पैसे भरले आणि त्याची तुमच्या सहीची लेखी नोंद असली, किंवा सही करून बाकी मान्य केली, तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. तुमचं 2013 चं आहे, मधे काहीच भरलं नाही, लिहून दिलं नाही, कोर्टाचं काही आलं नाही, तर 2016 च्या सुमारास मुदत संपली. बरेच जण सांगतात की नंतर एक रुपया भरला तरी कर्ज जिवंत होतं, तसं नाहीये, मुदत आधीच संपली असेल तर नुसत्या भरण्याने ती परत येत नाही. पण 1872 च्या करार कायद्याचं कलम 25 आहे ना, तिथे गोम आहे, मुदत गेलेलं कर्जसुद्धा "मी फेडेन" असं लिहून सही केलीत तर तो नवा करार धरला जातो आणि त्यावर दावा लागतो. म्हणून सेटलमेंटच्या फॉर्मवर सही नको, व्हॉट्सअॅपवर "थोडा टाइम द्या, भरतो" असलंही काही टाइप करू नका.

मुदत गेली म्हणजे कर्ज पुसलं गेलं असं मात्र नाही हं. कोर्टातून वसूल करायचा रस्ता बंद होतो, मागायला ते मोकळे असतात. क्रेडिट रिपोर्टवर डाग असू शकतो, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो तो काढून बघा, कधीकधी तिथे वेगळीच रक्कम आणि वेगळ्याच कंपनीचं नाव दिसतं, कारण जुनी खाती विकली जातात.

आलेली नोटीस नीट वाचा. खाते नंबर आहे का? मूळ बँकेचं नाव? शेवटचा भरणा कधीचा? मला एकाने दाखवलेल्या नोटिशीत निळा गोल शिक्का होता, वर लाल अक्षरात 'अंतिम सूचना', आणि ज्याला पाठवली त्याचं आडनावच चुकलेलं! वकील वॉरंट काढू शकत नाही, आणि कार्डाचं थकलेलं बिल हे दिवाणी प्रकरण, नुसत्या त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत.

फोनवर एकच वाक्य बोला, "जे काय असेल ते लेखी द्या", आणि ठेवून द्या. मग बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल टाका : हे येणं मला मान्य नाही, स्टेटमेंट, करार आणि खातं विकलं असेल तर त्याचं पत्र द्या. "मान्य नाही" हे शब्द गाळू नका. मेहुण्याला फोन केल्याचंही त्यातच लिहा, रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये स्पष्ट सांगितलंय की सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन नकोत, कर्जदाराच्या घरच्यांना आणि मित्रांना त्रास नको. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते, फी नाही. कॉलची तारीख-वेळ एका वहीत लिहून ठेवा.

फक्त एक, खरंच कोर्टाचं समन्स आलं तर ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. मुदत संपलेला दावा कोर्टाने स्वतःहून फेटाळायचा असतो हे खरं, पण तुम्ही गेलाच नाहीत तर एकतर्फी हुकूमनामा होऊन बसतो आणि मग तो निस्तरत बसा.

प्रश्न : वडील गेल्या वर्षी गेले. आता गल्लीतले एक काका 2009 ची चिठ्ठी घेऊन आलेत, 40 हजार हातउसने, खाली वडिलांची सही. ते म्हणतात तू नवीन चिठ्ठी करून दे. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : नवीन चिठ्ठी करू नका, तीच चूक होईल. वडिलांचं देणं वारसाकडे येतं ते वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच, तुमच्या पगारातून नाही, आणि 2009 च्या चिठ्ठीची मुदत तर कधीच गेलीय. पण सही वडिलांचीच आहे असं आईला वाटत असेल आणि काका अडीअडचणीला धावून येणारे असतील तर मी तरी देऊन टाकीन, जमेल तसे, व्याज न धरता. फक्त रोख देऊ नका, खात्यातून द्या, आणि शेवटच्या हप्त्याला 'पूर्ण मिळाले' असं लिहून घेऊन ती मूळ चिठ्ठी परत घ्या.