गोव्यात नोकरी करतो, नुकतंच लग्न झालंय. कर आणि गुंतवणुकीवरचं पुस्तक कसं निवडू?

आधी आवृत्तीचं वर्ष बघा. 1961 चा प्राप्तिकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा लागू, कलमांचे क्रमांकही बदलले. त्यामुळे कराचं जुनं पुस्तक फुकट मिळालं तरी नको. बचत, विमा, चक्रवाढ व्याज समजावणारं जुनं चालेल; पणजीत पाट्टोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आधी शोधा.

तुम्ही विवाहित, म्हणून मुख्य कसोटी वेगळीच. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता समाईक असेल, तर घरभाडं, व्याज असं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न दोघांच्या नावे निम्मं-निम्मं धरतात. पगार ज्याचा त्याचा. जुन्या कायद्यात हे कलम 5अ. पुस्तकात याचा उल्लेखच नसेल, तर विवरणपत्र भरताना ते तुम्हाला अपुरं पडेल. मी तरी ते घेणार नाही.