स्टिअरिंग मधेच जड होतं आणि सिग्नलला इंजिन थरथरतं, दोन्हींचं कारण एकच असू शकतं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ८० हजारांवर किलोमीटर. गाडी पार्किंगमध्ये लावताना स्टिअरिंग अचानक दगडासारखं जड होतं, पिवळा दिवा लागतो, आणि चावी बंद करून परत चालू केली की जणू काही झालंच नाही. महिनाभर सिग्नलला इंजिनही थरथरतंय. गॅरेजवाले म्हणतात, मोटरसकट स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंगच्या चाकाखालचा दांडा) बदला.

हो, कारण एकच असू शकतं. कॉलमचा खर्च इतक्यात करू नका.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं गाड्यांची वायरिंगची कामं केली. आम्हाला लोक वायरमन म्हणतात. फिटरला सगळीकडे फिटिंग दिसतं आणि वायरमनला करंट, तेव्हा माझा कल कुठे जाणार हे उघड आहे. पण दोन तक्रारी एकाच सुमारास सुरू झाल्या असतील, तर आधी दोघांना जोडणारं काय आहे ते बघायचं. तुमचं स्टिअरिंग मोटरवर चालतं (बोनेटखाली स्टिअरिंगच्या ऑइलची बाटली दिसत नसेल, तर मोटरचंच). मोटर आणि इंजिन दोघांनाही लागते ती एकच गोष्ट: बॅटरी आणि अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा) यांच्याकडून येणारी वीज.

गाडी जागेवर उभी असताना चाकं वळवणं हे त्या मोटरचं सगळ्यात जड काम. अशा वेळी ती क्षणभर ५०-६० अँपिअरसुद्धा ओढते. दोन्ही हेडलाइट मिळून ९-१० अँपिअर घेतात, यावरून अंदाज घ्या. त्याच वेळी इंजिन ७००-८०० आरपीएमवर असतं, म्हणजे अल्टरनेटरही हळूच फिरत असतो. तो जोर लावतो, त्याचा भार बेल्टमधून इंजिनवर येतो आणि आरपीएम खाली जातो. थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारी झडप) स्वच्छ असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, लगेच हवा वाढवून सावरतो. तिथे कार्बन बसला असेल तर सावरायला उशीर होतो आणि इंजिन हादरतं. त्यात व्होल्टेज पडलं की पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उशिरा उघडतात, प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलचा स्पार्क मंदावतो, थरथर आणखी वाढते. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की स्टिअरिंगचा कंट्रोलर मोटरची मदत बंद करून दिवा लावतो. चावी फिरवून परत चालू केलं की तो नव्याने सुरुवात करतो. म्हणून तुम्हाला वाटतं, गाडी आपोआप बरी झाली.

एक फरक लक्षात ठेवा. अरुंद जागेत स्टिअरिंग पुन्हापुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तर मोटर तापते आणि कंट्रोलर मदत कमी करतो. पण ते हळूहळू जड होतं आणि थोड्या वेळाने निवळतं. झटक्यात जड होणं आणि सोबत दिवा लागणं, हे वेगळं प्रकरण आहे.

आता एक साधा मल्टिमीटर घ्या. डीसी व्होल्टवर लावा, तारा अँपिअरच्या भोकात नाहीत ना बघा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.५ च्या आसपास हवेत. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू करून हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असं सगळं लावा आणि मग मोजा, १३.५ च्या वर राहायला हवेत. हे सगळं चालू ठेवूनच मोजा, कारण काही गाड्यांत भार नसताना ईसीयू चार्जिंग मुद्दाम कमी करतो आणि आकडा बघून उगाच घाबरायला होतं. मग कुणाला तरी स्टिअरिंग वळवायला सांगा. आकडा क्षणभर खाली जाऊन वर आला तर ठीक. खालीच रेंगाळला तर बेल्ट घसरतोय किंवा अल्टरनेटरचे कार्बन ब्रश संपत आलेत.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी मात्र लोक करतच नाहीत. सगळा भार चालू असताना मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग (वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी) खराब आहे. तेच बॅटरीचा खांब आणि बॉडी यांच्यात करा.

याच बाबतीत मी एकदा सपशेल फसलो होतो. गाडी कोकणातली, तक्रार अगदी तुमच्यासारखी. बॅटरी जुनी होती, मी नवी बसवली, गिऱ्हाईक खूश. आठवड्याने गाडी परत दारात. या वेळी बॅटरीचा ट्रे काढला. त्याखाली गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थची तार वरून धडधाकट दिसत होती, पण लग (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) वाकवल्यावर आतून हिरवी पूड सांडली. मोजक्या दोऱ्या शिल्लक होत्या. नवी तार तीनशे रुपयांत झाली. नवी बॅटरी मात्र गिऱ्हाइकाच्या गळ्यात विनाकारण पडली होती. तिचे अर्धे पैसे मी परत केले.

हे घरीही जमतं. दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपर मारा, घट्ट बसवून वरून व्हॅसलीन लावा. जोडताना निगेटिव्ह शेवटी. त्यानंतर पहिली काही मिनिटं आयडलिंग वरखाली होईल, तेवढ्यावरून काही ठरवू नका. आणि कुणी इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘डायनामो बघतो’ म्हणाला तर त्याचा हात धरा. जुन्या गाड्यांत ते खपून जायचं. आताच्या गाडीत त्या झटक्याने ईसीयू जाऊ शकतो.

स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून घ्या, पण स्टिअरिंगचा कंट्रोलर वाचणारा. स्वस्तातले ब्लूटूथवाले बहुधा फक्त इंजिन वाचतात. ‘पी ०५६२’ म्हणजे व्होल्टेज कमी. ‘यू ०१३१’ म्हणजे स्टिअरिंगच्या कंट्रोलरशी संपर्क तुटला, तिथेही आधी त्याचा फ्यूज आणि अर्थच बघायचा.

वीज सगळी ठीक निघाली तर दोन तक्रारी वेगळ्या धरा. थरथर थ्रॉटलचा कार्बन, प्लग-कॉइल, फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा दबलेलं इंजिन माउंटिंग यांची असेल. व्होल्टेज बरोबर असूनही स्टिअरिंगचा दिवा लागत असेल, किंवा हात सैल सोडल्यावर स्टिअरिंग स्वतःहून एका बाजूला ओढत असेल, तर टॉर्क सेन्सरचा (तुम्ही स्टिअरिंगला किती जोर लावता ते मोजणारा) संशय घ्यायचा आणि गॅरेजवाल्यांचा कॉलम तेव्हा खरा ठरू शकतो. मदत गेली तरी स्टिअरिंग चाकांना जोडलेलंच असतं, जोर लावला की वळतं. पण ते स्वतःहून ओढायला लागलं तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.