पाणी न वापरता गाडी धुणं: सोलापूरच्या धुळीत कुठवर चालतं

ताई, तुमचा प्रश्न मनापासून पटला, कारण तीन वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न घेऊन हिंडत होतो. जुळे सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, सोसायटीने पाईप लावून गाड्या धुवायला केलेली बंदी, गाडी नवी आणि रंग काळा. अशात वॉटरलेस वॉशचा स्प्रे आणला तर भागेल का, चरे पडतील का, आणि अर्ध्या लिटरची बाटली किती दिवस पुरेल, असं तुम्ही विचारलंय.

भागतं, पण रोजच्या हलक्या धुळीपुरतं. चरे पडणार की नाही हे बाटलीपेक्षा फडक्यावर आणि धुळीच्या थरावर ठरतं. बाहेरगावच्या व्हिडिओंत हा दुसरा भाग कुणी नीट सांगत नाही, कारण त्यांच्या गाडीवर आपली माती नसते.

आपल्याकडे घाण दोन प्रकारची. एक कोरडी, भुरभुरीत, रस्त्याची. तिच्यात काळ्या दगडाचा, म्हणजे खडीचा बारीक चुरा असतो आणि तो गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कडक. दुसरी काळ्या रानातली माती. भिजली की फुगते आणि चिकटते, वाळली की आवळून दगड होते. उन्हाळ्यात ज्या मातीने रानाला हातभर भेगा पडतात तीच दाराच्या खालच्या पट्टीवर वाळून बसलेली असते. तिच्यावर स्प्रे मारला तर वरून ओली दिसते, आत ढेकूळ कोरडंच राहतं. आणि रंगावरचा जो पारदर्शक थर आपण सांभाळायचा, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. डोक्यावरच्या केसाची जाडीसुद्धा बहुधा याहून जास्तच भरते.

माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. जूनमधला पहिला पाऊस झाला होता, मंगळवेढ्याहून रात्री परत आलो आणि सकाळी उत्साहात स्प्रे घेऊन बसलो. मागच्या डाव्या दारावर फडकं फिरवलं तर कर्र असा बारीक आवाज आला. तिथेच थांबायला हवं होतं, पण मी आणखी दोन हात मारले. गाडी उन्हात काढली तेव्हा दारावर वीतभर लांबीचे चरे चकाकत होते. पॉलिश करून बरेचसे गेले, दोन अजून आहेत. द्रव चांगलाच होता. चिखलावर तो वापरायचाच नव्हता.

या द्रवाचं काम समजलं की पुढचं सोपं जातं. त्यात मळ सोडवणारा घटक असतो, तो धुळीच्या कणाला वेढून रंगापासून सुटा करतो. सोबत बुळबुळीतपणा आणणारे पॉलिमर असतात, त्यामुळे कण घासण्याऐवजी सरकत फडक्यात जातो. काहींत मेणही असतं, पुसल्यावर चमक येते ती त्याची. म्हणजे फवारा सढळ हवा. बाटली वाचवायला गेलात की बुळबुळीतपणा कमी पडतो आणि तिथेच चरा पडतो.

गाडीला हात लावण्याआधी नुसतं बघा. धुळीतून काळा रंग स्वच्छ दिसतोय? मग स्प्रे. रंग मातकट, राखाडी झालाय? मग बादली, तिच्याबद्दल खाली लिहितो. कुठे ढेकळं, चिखलाचे शिंतोडे दिसतायत? मग पाणीच. दुसरा उपाय नाही, तेवढ्यापुरतं वॉशिंग सेंटर गाठा. बोट फिरवून धूळ तपासू नका, त्यानेही चरा पडतो.

आता फडकं. ताई, आपण टॉवेलच्या गावात राहतो, त्यामुळे घरातला जुना टर्किश टॉवेल गाडीला लावायचा मोह सगळ्यांना होतो. अंगासाठी सोलापुरी टॉवेलसारखा टॉवेल नाही, पण गाडीसाठी तो नको. पाणी तो उत्तम शोषतो, धुळीचा कण मात्र पोटात घेत नाही, पृष्ठभागावरच ठेवून फिरवतो. शिवाय काठाची शिवण कडक. मायक्रोफायबर पॉलिस्टर आणि पॉलिअमाईडच्या अतिशय बारीक, चिरलेल्या धाग्यांचं असतं, कण त्या धाग्यांत अडकून राहतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, हे सोलापूरकराला सांगायला नको. ३५० ते ५०० जीएसएमची, बिनकाठाची सहा-आठ फडकी घ्या. बाटली स्वस्तातली चालेल, फडकी नको.

फडक्याची आधी मधोमध एक घडी, मग आडवी दुसरी. उलटीसुलटी केली की आठ कोऱ्या बाजू मिळतात. छपरापासून सुरुवात करा, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यात शेवटी. एकावेळी दीड-दोन फूट भाग घ्या, फवारा, वीस-तीस सेकंद थांबा. मग फडकं दाबायचं नाही, त्याच्या स्वतःच्या वजनाने एकाच दिशेला ओढायचं. गोल गोल अजिबात नको. एक ओढ झाली की फडकं उलटून बघा: कडेला काळपट पट्टा उमटलेला दिसेल. ती बाजू संपली, पुन्हा गाडीला लावायची नाही. मागोमाग दुसऱ्या कोरड्या फडक्याने हलकं पुसून घ्या. फडकं जमिनीवर पडलं तर बाजूला टाका, झटकून परत वापरू नका. चाकांची फडकी कायमची वेगळी, ब्रेकमधून उडणारा लोखंडाचा चुरा त्यांच्यात असतो.

वेळ सकाळी सातच्या आतली. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, उन्हातलं बॉनेट तव्यासारखं तापतं आणि द्रव पुसायच्या आत वाळून डाग धरतो. समोरच्या काचेवर मेणवालं द्रव मारू नका, पावसात वायपर फिरला की धुरकट दिसतं.

मातकट गाडीसाठी बादलीची पद्धत म्हणजे रिन्सलेस वॉश. हे वेगळं उत्पादन आहे, वॉटरलेसच्या स्प्रेशी गल्लत करू नका. 'ऑप्टिमम नो रिन्स'सारख्या द्रवाचं प्रमाण १:२५६, म्हणजे १० लिटर पाण्यात ४० मिली. फेस येत नाही, नंतर पाणीही मारावं लागत नाही. शेतीच्या दुकानातून दोन लिटरचा नवा कोरा फवारणी पंप आणा, हेच मिश्रण त्यात भरून आधी गाडीवर फवारा आणि दोन-तीन मिनिटं मुरू द्या. मग बादलीतल्या फडक्यांनी वर सांगितलं तसंच पुसा. वापरलेलं फडकं बादलीत परत बुडवायचं नाही. पाईपने दहा मिनिटं धुतली तर शंभरेक लिटर सहज जातं. ते पाणी उजनी धरणातून शंभरावर किलोमीटर पाईपमधून आपल्यापर्यंत येतं. इथे काम दहा-बारा लिटरमध्ये होतं, फडकी धुवायला आणखी एक बादली धरा.

बादलीत कुठलं पाणी घेता तेही बघा. बरेच जण आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरतात. हेतू चांगला आहे, पण क्षार त्याच्यातच साठलेले असतात आणि काळ्या रंगावर पांढरे ठिपके उठतात. ते पाणी पायपुसण्यांना आणि टायरला वापरा. बोअरचंही तसंच. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळपास क्षारविरहित असतं, मी उन्हाळाभर तेच साठवतो.

पक्ष्यांची विष्ठा दिसली तर धुवायच्या दिवसाची वाट बघू नका. टिश्यू द्रवात भिजवून तीन-चार मिनिटं वर ठेवा, मग उचलून घ्या, घासू नका. मऊ पडली नाही तर पुन्हा ठेवा.

फडकी धुताना कपड्यांत मिसळू नका, सुती धागे चिकटतात. कंडिशनर नको, इस्त्री नको, सावलीत वाळवा.

बाटलीचं म्हणाल तर माझ्या हॅचबॅकला एका वेळी १०० ते १२० मिली लागतं, म्हणजे अर्धा लिटर चार-पाच वेळा पुरतो. आठवड्यातून एकदा केलंत तर महिनाभर.

आणि तुमच्या सोसायटीत रोज पहाटे एकाच बादलीत एकच फडकं बुडवून दहा गाड्या पुसणारे कुणी असतील, तर त्यांना तुमच्या गाडीपुरतं थांबायला सांगा. पगार तोच ठेवा, आतली साफसफाई आणि चाकं त्यांच्याकडे द्या. काळ्या गाडीचं सर्वात जास्त नुकसान त्या रोजच्या एका फडक्याने होतं. माझ्या शेजारच्यांची गाडी सहा महिन्यांत तशीच निस्तेज झाली.