घाटात गाडी तापते? हेड उघडण्याआधी एवढं बघा

हेडला, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवर बसलेल्या वरच्या भागाला, मिस्त्रीला आत्ताच हात लावू देऊ नका. ते काम पुढच्या आठवड्यातही होईल. तोवर गाडी लांब न्यायची नाही आणि घाटात तर अजिबात नाही, एवढंच पथ्य.

तुम्ही सांगितलेलं एकदा नीट लावून घेतो. २०१२ची पेट्रोल हॅचबॅक. पुण्यात रोजच्या वापरात तापमानाचा काटा मध्यावर. साताऱ्याला निघालात, चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, आणि खंबाटकी निम्मा चढेपर्यंत काटा लाल पट्ट्याला टेकला. गाडी थांबवली तर रेडिएटरच्या बाटलीतून पाणी उसळून बाहेर. मग गॅरेजात कुलंट (इंजिन गार ठेवणारा द्राव, आपण त्याला पाणीच म्हणतो) बदललं, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला, फॅन ‘डायरेक्ट’ केला, म्हणजे सतत फिरत राहील असा जोडला. पुढच्या खेपेला तेच झालं, आणि जरा लवकरच. आता मिस्त्री म्हणतोय हेड गॅस्केट (हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं सील) गेलं, वीस हजार धरून चाला. जाता जाता तुम्ही आणखी दोन गोष्टी लिहिल्यात: गावी गेलात की बोअरचं पाणी टॉप-अप करायचात, आणि हल्ली सिग्नलला एसी पूर्वीसारखा गार लागत नाही. माझं लक्ष या दोन गोष्टींवरच अडकलंय.

गाडी का तापते याचं निम्मं उत्तर ती कधी तापते यात असतं. सिग्नलला उभी असताना तापते आणि पळायला लागली की निवते, तर संशय फॅनवर. गावात ठीक आणि हायवेला वेगात तापते, तर रेडिएटर चोक, पंप कमजोर, नाहीतर खालचा होस पाईप आत ओढला जाऊन चपटा होतोय. गार इंजिन चालू करून पाच-सात मिनिटांतच काटा वर, तर पाणी कमी आहे, हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. तुमची गाडी मात्र भरलेली असताना, चढावर, एसी लावूनच तापते. याचा अर्थ एरवी पुरणारं कूलिंग तिथे तोकडं पडतं.

पेट्रोल जळून जी उष्णता होते तिचा ढोबळ तिसरा हिस्साही चाकाच्या कामी येत नाही. बराच भाग सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला रेडिएटरने बाहेर टाकायचा असतो. सपाटीवर पन्नासच्या वेगाने जाताना इंजिनाला फार कष्ट नसतात, म्हणून रेडिएटरच्या निम्म्या नळ्या तुंबल्या तरी काटा हलत नाही. घाटात इंजिन जीव तोडून ओढतंय, समोरचा वारा जेमतेम चाळीसच्या वेगाचा, आणि रेडिएटरच्या पुढ्यात एसीचा कंडेन्सर बसलेला, जो हवा आधीच गरम करून पाठवतो. इतके दिवस झाकलेला दोष तिथे उघडा पडतो.

आता थर्मोस्टॅट. ‘तो थंड प्रदेशातल्या गाड्यांसाठी असतो, आपल्याकडे काढलेला बरा’ हे वाक्य मी नाशिकपासून सावंतवाडीपर्यंत ऐकलंय. माझ्या दृष्टीने हा निव्वळ जुगाड आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो आणि पूर्ण उघडल्यावर पाण्याला फारसं अडवत नाही. तो धड असेल तर काढून घाटात फायदा शून्य. उलट सपाटीवर इंजिन हवं तेवढं तापतच नाही, कंप्युटरला वाटतं गाडी अजून गार आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि ॲव्हरेज पडतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, रस्ता बंद करते. तिथे थर्मोस्टॅट काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरतो आणि गाडी आधीपेक्षा लवकर तापते. तुमच्या बाबतीत ‘जरा लवकरच’ याचं एक कारण हे असू शकतं. तेव्हा नवा थर्मोस्टॅट बसवून घ्या. जुना मिस्त्रीकडे असेल तर मागून घ्या आणि पातेल्यात पाणी तापत ठेवून त्यात दोऱ्याने लोंबकळत सोडा. उकळी फुटायच्या आत तो उघडला पाहिजे. (चहाचं पातेलं घेऊ नका. आमच्याकडे त्यावरून झालेलं महाभारत अजून निघतं.)

दुसरं कारण माझ्या मते फॅन. डायरेक्ट करताना दोन वायरी उलट लागल्या तर फॅन फिरतो, आवाज करतो, सगळं बरोबर वाटतं, पण हवा उलट फेकतो. तुमच्या गाडीत फॅन रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला आहे. त्याने बाहेरची हवा जाळीतून आत ओढायला हवी. उलटा फिरला की इंजिनाची गरम हवा रेडिएटर आणि कंडेन्सरमधून पुढे ढकलतो आणि गाडी चालू लागली की समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतो. सिग्नलला एसी गार न लागणं याच्याशी तंतोतंत जुळतं. एसी गॅस कमी झाला म्हणून भरायला जाल आणि पैसे वाया घालवाल. वर्तमानपत्राचा अर्धा कागद घ्या, गाडी उभी करून फॅन चालू असताना पुढच्या जाळीसमोर धरा. कागद जाळीला चिकटला तर ठीक. फडफडत तुमच्याकडे आला तर चोर सापडला.

फॅन सरळ फिरत असला तरी ते डायरेक्ट कनेक्शन काढून मूळ वायरिंग करून घ्या. चोवीस तास फिरायला ती मोटर बनलेली नसते, आणि मुळात फॅन आपणहून का लागत नव्हता (की लागत होता आणि उगाचच डायरेक्ट केला?) हे कुणी तपासलंय असं दिसत नाही. रिले, फ्यूज, सेन्सरचं गंजलेलं कनेक्टर, एवढ्यातच बहुतेकदा काम होतं. गाडी उभी करून आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू, ठेवा. एसी बंद. काटा मध्याच्या किंचित वर गेला की फॅन लागला पाहिजे, थोड्या वेळाने आपणहून बंद झाला पाहिजे. एसी लावला की लगेच लागला पाहिजे. हात मात्र लांब ठेवा. मूळ वायरिंगवरचा फॅन कधीही सुरू होतो, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यानंतरसुद्धा.

बोअरचं पाणी हे माझ्या लेखी मूळ दुखणं. घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर साचतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत साचतो, आणि त्या नळ्या मुळात काडेपेटीतल्या काडीएवढ्या अरुंद. गाडी गरम करून इंजिन बंद करा आणि फॅन फिरत नाही याची खात्री करून रेडिएटरच्या पृष्ठभागाजवळून हात फिरवा, टेकवू नका. एखादा पट्टा गार लागला तर तिथून पाणी फिरत नाही. लेसरचा ठिपका पडणारा थर्मामीटर कुणाकडे मिळाला तर उत्तम. कडेकडेने हळूहळू उतरणारं तापमान चालतं, मधेच एकदम पडणारं चालत नाही. बाहेरूनही बघा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत चिखल, किडे, उसाच्या ट्रॉलीतलं पाचट असं काय काय अडकलेलं असतं, आणि पुढून टॉर्च मारली तर दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने साध्या नळाच्या पाण्याने बाहेर ढकलत धुवा. सर्व्हिस सेंटरचा जेट जवळून मारला की पातळ पत्र्या आडव्या पडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

पितळी रेडिएटर असायचे तेव्हा टाक्या उघडून सळई मारून नळ्या साफ करून मिळायच्या. आता ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या. फ्लश करून थोडा फरक पडतो, पण क्षार घट्ट बसले असतील तर माझं मत सरळ आहे: नवा टाका. हेडच्या कामाच्या पुढे तो खर्च काहीच नाही.

झाकणाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तेवढा बार दाब ते आत धरून ठेवतं, कुकरच्या शिट्टीसारखं. ०.९च्या झाकणाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की तेच पाणी शंभराच्या आसपास उकळायला लागतं आणि बाटलीतून उसळतं. लोकांना वाटतं इंजिन गेलं, गेलेलं असतं झाकण. त्याच झाकणाच्या मध्यभागी एक बारीक उलटा व्हॉल्व्ह असतो. गाडी निवली की बाटलीतलं पाणी तो परत आत घेतो. तो अडकला तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. ओळखायची खूण सोपी: रात्रभर उभ्या गाडीचं बॉनेट सकाळी उघडा. रेडिएटरचा वरचा जाड पाईप कुणी तोंडाने ओढून घेतल्यासारखा चपटा झाला असेल तर झाकण बदला. बदलताना आकडा तोच घ्या, जास्तीचा नको. जुन्या पाईपांना तो झेपत नाही.

आता हेड गॅस्केट. ते गेलं असण्याची शक्यता मी नाकारत नाही, गाडी दोनदा लाल पट्ट्यापर्यंत गेली आहे. पण नुसतं ‘पाणी उसळतंय’ हा पुरावा पुरेसा नाही. गार गाडीचं झाकण काढून रेडिएटर काठोकाठ भरा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीला चार बुडबुडे येतील, ते सोडा. पण सोड्याच्या बाटलीसारखे न थांबता येत राहिले, किंवा झाकण लावून चालू केल्यावर मिनिटभरातच, पाणी तापायच्या आत, वरचा पाईप दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरातला दाब पाण्यात घुसतोय. जोडीला पाणी गळती न दिसता कमी होणं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, आणि डिपस्टिकवर दुधाळ ऑइल. फक्त ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही ती धरते. खात्रीच करायची तर निळ्या द्रावाची टेस्ट करणारं गॅरेज शोधा. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतली हवा त्या द्रावातून खेचतात. जळलेला वायू असेल तर निळ्याचं पिवळं होतं. ते झालं तर मात्र हेड काढावंच लागेल, आणि मग नुसतं गॅस्केट बदलू देऊ नका. हेड लेथवाल्याकडे पाठवून पट्टी लावून वाक तपासायला सांगा, फेसिंग (घासून सपाट करणं) लागलं तर मारून घ्या. नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तिथेच.

हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही. बरीच वर्षं झाली, मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात माझ्या जुन्या गाडीचा काटा वर गेला. घाट संपतच आला होता, म्हटलं इगतपुरीला थांबू. दोन वळणांनंतर काटा झपकन खाली आला. मला वाटलं, निवली गाडी! खरं तर पाईप क्लिपपाशी फाटून सगळं पाणी गेलं होतं आणि सेन्सर कोरडा पडला होता. तो पाण्याचं तापमान सांगतो, पाणीच नाही तर काय सांगणार? वर पोचेपर्यंत हेड वाकलं. तेव्हा तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली आला तर आनंदाने नाही, घाबरून थांबायचं.

साताऱ्याला पुन्हा जायची वेळ येईल तेव्हा: खंबाटकी चौथ्या गिअरमध्ये धापा टाकत चढू नका. पंप पट्ट्यावर चालतो, इंजिन हळू तर पाणीही हळू. तिसरा, गरज पडली तर दुसरा टाकून इंजिन मोकळं फिरू द्या. काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल. घाम फुटेल, पण तो हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. त्या वेळी हीटरमधून गार हवा आली तर पाणी संपलंय किंवा फिरत नाही. लगेच कडेला घ्या, इंजिन बंद. झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास हात नाही, आणि तापलेल्या इंजिनावर बिसलेरी ओतायची नाही.

शेवटी भरताना: निम्मं पाणी मिसळलेलं ५०-५०चं तयार कुलंट, किंवा कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कुलंट) आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. रंगावर जाऊ नका, मॅन्युअलमधला प्रकार बघा. ‘जास्त कॉन्सन्ट्रेट, जास्त गार’ असंही काही नसतं. उष्णता वाहून न्यायला पाणीच चांगलं, कुलंट हवं ते गंज, क्षार आणि पंपाच्या सीलसाठी. भरल्यावर पुढची चाकं चढावर ठेवून, हीटर गरमवर, झाकण उघडं, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत आयडलवर ठेवा म्हणजे अडकलेली हवा निघेल. तुमच्या गॅरेजात हे केलं होतं का, विचारा.

उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी वरचा पाईप बघा, मग कागद धरून बघा. कागद कुठल्या बाजूला गेला ते कळवा, पुढचं त्यावर ठरवू.