"हजेरी झाल्यावर गेलो तर चालेल?"

दिवाळीची सुट्टी संपली, दुसरं सत्र सुरू झालं की मुलांच्या समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, हजेरी 75 टक्के भरत नाही. आता शाळेतून नाव काढून टाकतील का?" कोल्हापुरात राजारामपुरीतले पालक असोत, कसबा बावड्यातले असोत किंवा कागलहून एसटीने आलेले, भीती हीच. आणि ती इतकी मोठी असते की मूल शाळेत का जात नाही, हे विचारायचं राहूनच जातं.

त्यामुळे आधी भीतीचं उत्तर देते. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. त्यातलं कलम 16 सांगतं की शाळेत दाखल झालेल्या मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. 2019 साली कायद्यात बदल झाला आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन, नापास झाल्यास जादा शिकवणी व फेरपरीक्षेची संधी देऊन, मग त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने ती पद्धत स्वीकारली आहे. पण शाळेतून काढायचं नाही, हे त्या बदलानंतरही तसंच आहे. 75 टक्के हजेरीची अट लोकांच्या डोक्यात बसली ती बोर्डाची, दहावी-बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठीची. सातवीतल्या मुलीच्या आईने त्या अटीपायी रात्र जागून काढायची गरज नाही.

अशीच एक आई आली होती. मुलीला आपण सई म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही मी बदलले आहेत.

सई सातवीत, खासगी शाळेत. वडील शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला. आई घरी शिवणकाम करते. सहामाहीपर्यंत व्यवस्थित जाणारी मुलगी दिवाळीनंतर आठवड्यातून तीन-चार दिवस घरीच राहू लागली.

"रोज सकाळी पोट दुखतंय म्हणती," आई म्हणाली. "शाळेची वेळ टळली की झालं, मग खाती-पिती, मशीनवर मला मदत करती. डॉक्टरला दाखवलं, सोनोग्राफी केली. काय न्हाई निघालं."

वडील बोलायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "नाव काढून टाकतील म्हणून सांगितलं तिला. पोलीस येतील म्हटलं. तरी उठत न्हाई."

पोट खरंच दुखतं, हे मी त्या दोघांना पहिल्याच भेटीत सांगितलं. डॉक्टरांना दाखवलंत हे उत्तम केलंत, ते आधी करायलाच हवं. पण तपासणीत काही निघालं नाही याचा अर्थ मूल नाटक करतंय असा होत नाही. भीतीने पोटात मुरडा येतो, घशाशी येतं, कपाळ दुखतं, आणि धोका टळला की थांबतं. शाळेची वेळ टळल्यावर बरं वाटणं हा लबाडीचा पुरावा नसतो, भीती कशाची आहे याचा तो पत्ता असतो.

सईला मी शाळेत न जाण्याविषयी काहीच विचारलं नाही. "का जात नाहीस?" हा प्रश्न तिला घरात, शेजारी, मामाकडे सगळीकडे विचारून झाला होता आणि तिच्याकडे त्याचं उत्तर "पोट दुखतंय" एवढंच होतं. मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, तुझ्या शाळेचा एक दिवस मला ओळीने लिहून दे, मी कधी पाहिलेली नाही तुझी शाळा. तिला ते आवडलं. पहिली बेल. मैदानावर रांगा. प्रार्थना. प्रतिज्ञा. गणिताचा तास, सर फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज एक कोडं लिहितात. मधली सुट्टी, डबा कुणाबरोबर खाते. खो-खो, आणि त्यात ती चांगली खेळते हे लाजत लाजत. कागद भरला.

शाळेचा कंटाळा आलेलं मूल असा दिवस लिहीत नाही. मी कागद पुन्हा वाचला. प्रतिज्ञेनंतर थेट गणित.

"आणि हजेरी कधी घेतात?" मी विचारलं.

पेन थांबलं. तिने टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी मोठ्या माणसाला फार घाई होते, आणि नेमकं तिथेच गप्प बसायचं असतं, हे मी इतक्या वर्षांच्या कामातून शिकले आहे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली,

"मॅडम, हजेरी झाल्यावर गेलो तर चालेल?"

इतके दिवस घरात सगळे म्हणत होते की पोरीला शाळा नको झालीय. तिला शाळा हवी होती. गणिताचं कोडं हवं होतं, खो-खो हवा होता. नको होती ती फक्त दहा मिनिटं.

मग हळूहळू आलं. वडिलांच्या कारखान्यात ऑर्डरी कमी झाल्या, पगार मागे-पुढे होऊ लागला, दुसऱ्या हप्त्याची फी राहिली. वर्गात हजेरी संपली की फी राहिलेल्यांची नावं वाचली जायची आणि त्या मुलांनी उभं राहायचं. पहिल्यांदा पाच-सहा जण होते. नंतर तिघे. मग दोघं. एके दिवशी सई एकटीच उभी होती आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "तुझ्या बाबांकडं पैसे न्हाईत?"

"घरी का नाही सांगितलंस?"

"बाबा रात्री आईला म्हणत होते, कुठनं आणू म्हणून. मी सांगितलं असतं तर परत तेच."

बाहेर आईवडील बसले होते, मुलगी हट्टी झाली म्हणून खंतावलेले. आत ही मुलगी त्यांना वाचवत होती. माझ्या कामाचा पाया असा की मुलाचं वागणं घरापासून आणि वर्गापासून तोडून बघू नये. ते त्या दोन्हींच्या मध्ये उभं असतं. शाळेत गेल्याच्या दिवशी चांदणी चिकटवायचे तक्ते, मोबाईलचं आमिष, "गेलीस तर हे देईन" अशा उपायांवर माझा विश्वास नाही तो याचमुळे. सईला रोज चॉकलेट दिलं असतं तर तिला कळलं असतं एवढंच, की माझं ऐकायला कुणाला वेळ नाही.

सईच्या परवानगीने मी हे आईवडिलांना सांगितलं. वडील बराच वेळ खाली बघत राहिले. "म्हंजे माझ्यामुळं घरात बसली व्हय पोरगी?"

"तुमच्यामुळे नाही. तुमच्यासाठी," मी म्हटलं. "आता तिच्याकडून ते ओझं काढून घ्या. फी हा शाळा आणि तुम्ही यांच्यातला व्यवहार आहे. तो तिच्या बाकापर्यंत जायला नको होता."

त्यांनी सईला आत बोलावलं आणि जे म्हणाले त्यापेक्षा नेमकं मलाही सुचलं नसतं. "फीचं माझं मी बघतो. तू तुझं बघ. आणि वर्गात कोण काय म्हणालं तर मला सांगायचं. मला ताप होतोय का न्हाई, ते तू ठरवायचं न्हाई."

त्या मुलीचे आखडलेले खांदे सैल झालेले मी पाहिले.

कायदा काय म्हणतो, ते मी वडिलांना इथे सांगितलं, कारण आता ते ऐकायच्या मनःस्थितीत होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना बंदी आहे. सगळ्या वर्गापुढे फीसाठी उभं करणं हा माझ्या मते मानसिक त्रासच आहे. आणि हजेरीचं म्हणाल, तर हा कायदा तिची जबाबदारी मोठ्यांवर टाकतो. मुलाने शाळेत दाखल व्हावं, हजर राहावं आणि शिक्षण पूर्ण करावं हे पाहणं कलम 8 आणि 9 प्रमाणे सरकारचं आणि स्थानिक प्राधिकरणाचं काम. शाळेत घालणं हे कलम 10 प्रमाणे पालकांचं कर्तव्य. पालकांची नियमित बैठक घेऊन हजेरीविषयी सांगणं, हे कलम 24 प्रमाणे शिक्षकांचं. मूल गैरहजर राहिलं म्हणून मुलाला शिक्षा करा, असं यात कुठेही नाही. सतत महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल आपल्या राज्यात शाळाबाह्य धरलं जातं, पण तेही शोधून परत आणण्यासाठी, नाव खोडण्यासाठी नव्हे.

कोल्हापूरच्या माणसाला हे नवीन वाटू नये. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. दंड पालकाला होता.

शाळेत आम्ही भांडायला गेलो नाही. आई, वडील आणि मी मुख्याध्यापिकांना भेटलो. वर्गात असं चालतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ऐकल्यावर त्या सावरून बसल्या. नावं वाचणं त्याच दिवशी बंद झालं. फीचे तीन भाग करून मिळाले. वडिलांनी तसा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. माझी एकच विनंती होती, की काही दिवस वर्गशिक्षिकेने नावं न पुकारता वर्गाकडे बघून हजेरी मांडावी. त्यांनी मांडली. सई पहिल्या दिवशी फाटकाशी थबकली, आईने हात धरून आत ओढलं नाही, उभी राहिली सोबत. प्रार्थना सुरू झाली तशी ती गेली. पोट त्यानंतरही दोन-तीनदा दुखलं. सत्र संपेपर्यंत ती खो-खोच्या संघात होती.

सगळ्या शाळा इतक्या लवकर ऐकत नाहीत. म्हणून मी पालकांना सांगते, तोंडी बोलणं झालं तरी अर्ज लेखी द्या. काय घडलं, कोणत्या दिवशी, मुलावर काय परिणाम झाला, तुम्हाला काय बदल हवा, एवढं साध्या भाषेत एका पानात. शिक्षकांच्या हेतूबद्दल काही लिहू नका. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. उपयोग झाला नाही तर शहरात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीकडे, तालुक्यात पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि वर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे जाता येतं. या कायद्याखालच्या लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. मुलाला मारहाण किंवा त्याहून गंभीर काही असेल तर वाट पाहू नका, 1098 ला फोन करा. तिथे मूल स्वतःही बोलू शकतं. अल्पसंख्याक संस्थेची शाळा असेल तर 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा कायदा तिला लागू होत नाही, तिथे आधी कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घ्या.

पण अर्जाच्या आधी मुलाजवळ बसा. मुलं बहुधा आख्खी शाळा टाळत नाहीत. शाळेतली एक जागा टाळतात, एक वेळ टाळतात, एक माणूस टाळतात. स्वच्छतागृह, व्हॅनमधली मागची सीट, पोहण्याचा तास, मोठ्याने वाचायला लावणारे बाई किंवा सर. दिवस ओळीने सांगायला लावा आणि मध्ये काय गाळलं जातंय तिकडे कान ठेवा. पोलीस, नाव काढणं, वसतिगृहात टाकणं यांची भीती घालू नका. आधीच घाबरलेल्या मुलाला त्यातून घरही सुरक्षित नाही एवढंच कळतं. आणि भरपूर दिवस घरी ठेवून "मनाने जाईल तेव्हा जाईल" असंही करू नका, घरी राहण्याची सवय लागली की भीती वाढतेच. दोन तासांसाठी का होईना, शाळेशी बोलून मुलाचं पाऊल तिथे पडत राहू दे.

नववी-दहावीच्या पालकांना मात्र मी वेगळं सांगते. कलम 16 तिथे संपतं, आणि दहावीला 75 टक्क्यांची अट खरी आहे. तिथे मूल महिन्यात चार-पाच दिवस चुकवायला लागलं की जुलै-ऑगस्टमध्येच या. आजारपण असेल तर डॉक्टरांचे कागद त्या त्या वेळी शाळेत देऊन पोच घ्या, जानेवारीत एकदम गठ्ठा नेऊन देऊ नका.