शेजारणीनं औषध आणून दिलं, तर ‘पैरा’ म्हणावं का?

प्रश्न खानापूर तालुक्यातून आला आहे. शेजारीण बेळगावला गेली होती, येताना तिनं घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंची औषधं आणली. सून म्हणाली, “तुझा पैरा फेडतो गं.” त्यावर सासूबाईंनी टोकलं, “असल्याला पैरा म्हणत नाहीत.” मग काय म्हणतात, असं सुनेनं विचारलं आहे.

सासूबाईंचं बरोबर आहे. पैरा म्हणजे शेतकामाची अदलाबदल. खानापूर-जांबोटीकडच्या भातशेतीत या शब्दाला फार मोठा आधार आहे. तरवा (लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं) तयार झाला, शेतात पाणी उभं राहिलं, की लावण थोड्या दिवसांत उरकावीच लागते. रोप जून झालं तर फुटवे कमी येतात. गावात सगळ्यांनाच एकदम माणसं हवी असतात. म्हणून आज चौघी तुझ्या शेतात, परवा त्याच चौघी माझ्या. माणसाला माणूस, बैलजोडीला बैलजोडी. हा हिशेब कोरडा वाटेल, पण त्याच्यामुळेच गरिबातल्या गरिबाला हाक मारताना संकोच वाटत नाही, कारण तो फुकट काही मागत नसतो. कोकणात यालाच सावड म्हणतात. इर्जिक मात्र वेगळी: तिथं गाव नांगर घेऊन येतं, घरधनी जेवण घालतो, आणि परतफेड तिथंच संपते.

आता ‘फेडणे’ पाहा. मुळात सोडणे, उकलणे. वस्त्र फेडतात, कर्ज फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात. आधी काहीतरी बांधलेलं असल्याशिवाय फेडायला जागा नाही. पैरा ठरवून बांधलेला असतो, म्हणून तो फेडता येतो. शेजारणीनं औषध आणताना काहीच बांधलं नव्हतं. तिला ‘फेडतो’ म्हटलं की तिच्या सहज कृतीला आपण गाठ मारतो, आणि हेच सासूबाईंना खटकलं असावं.

मग अशा लहान मदतीला आपल्या बोलीत नाव काय? ‘उपकार’ आहे, पण तो शब्द जड आहे, घराघरांत तो बहुतेक वेळा भांडणातच ऐकू येतो, “काय उपकार केलास काय?” असा. ‘मदत’ चालते, तरी औषध आणण्याला कोणी मदत म्हणत नाही. माझं मत असं की इथं नाम शोधूच नये. हे काम आपल्याकडे क्रियापद करतं, आणि ते क्रियापद म्हणजे ‘दे’.

“फॉर्म भर” हा हुकूम झाला. “फॉर्म भरून घे” म्हणजे तुझा तू भर. “फॉर्म भरून दे” म्हटलं की कष्ट तुझे आणि फळ माझं, हे एका अक्षरात कळतं. व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. त्यात आपली माणसं आणखी दोन गोष्टी घालतात: आधी ‘तेवढं’ आणि शेवटी ‘की’. “तेवढं आणून दे की.” ‘तेवढं’ म्हणजे इतकंच, याहून जास्त नाही, मागणारा समोरच्याचं ओझं आधीच हलकं करून मागतो. ‘की’नं आज्ञेची धार जाते.

बेळगावच्या बसस्टँडवर हे रोज ऐकायला मिळतं. बसच्या पाट्या कन्नडमध्ये, आणि गावाकडच्या कित्येक मराठी म्हाताऱ्यांना ती लिपी वाचता येत नाही. शेजारी उभ्या कॉलेजच्या पोराला म्हणतात, “बाळा, ही कुठं जाती तेवढं वाचून सांग की.” पोरगं वाचतं, पिशवीही वर चढवून देतं. ते घरी कन्नड बोलणारं असलं तरी फरक पडत नाही, कारण ही रचना त्याच्या भाषेतही आहे: ‘माडि कोडु’ म्हणजे करून दे, ‘माडिको’ म्हणजे करून घे. म्हणून आपण ती कन्नडमधून उचलली, असं म्हणायची घाई मात्र करू नये. गुजरातीत ‘करी आपवुं’ आहे, हिंदीतही ‘देना’ असंच जोडतात.

आणि आभार? ‘धन्यवाद’ सभेत ठीक. शेजारणीला म्हणायचं, “बरं केलंस बघ.” यात केलेल्या कामाची पावती आहे आणि परतफेडीचा शब्द नाही. ती “त्यात काय” म्हणेल, आणि विषय तिथं मिटेल. औषधाचे पैसे मात्र लगेच द्यावेत. तो व्यवहार आहे, त्याला ‘असू दे’ म्हणायला लावू नये.

तरी ‘पैरा’ शेताच्या बांधापलीकडे नेताच येणार नाही, असं नाही. दोघी शेजारणींनी ठरवून एकीनं सकाळी दोन्ही घरची पोरं शाळेत सोडायची आणि दुसरीनं संध्याकाळी आणायची, तर तो खरा पैरा आहे. तिथं “आज मला जमत नाही, पैरा उद्या फेडतो” हे वाक्य अगदी बरोबर, आणि सासूबाईही ते मान्य करतील.